चित्रकार माने यांची फुले

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दर वर्षी एक चरित्र असते. आजवर आपण अहल्याबाई होळकर, सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी अशा थोर स्त्रियांची चरित्रे वाचली. ह्या वर्षी ते काम माझ्याकडे आले आणि मी चित्रकार माने यांचे नाव सुचविले, तेव्हा बैठकीत लगेच विचारणा झाली, की हे माने साताऱ्याकडचे की कोल्हापूरकडचे? मला हसू आवरेना. हे माने पॅरिसचे. संपूर्ण नाव एदुआर माने. जन्म १८३२, मृत्यू १८८३. फ्रेंच लोक त्यांच्या नावातले शेवटचे अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहीत. त्यामुळे ते आयतेच आपल्यातले होऊन बसतात. गंमत अशी, की त्यांच्याच काळात पॅरिसमध्ये मोने नावाचेही एक चित्रकार होते. १८६५ साली सरकारी प्रदर्शनात आद्याक्षरांप्रमाणे चित्रे टांगली गेली, आणि तरुण मोने यांच्या समुद्रचित्रांबद्दल लोक माने यांचे अभिनंदन करू लागले. माने यांना त्याचा भारी राग आला होता. पुढे दोघांची घट्ट मैत्री झाली, हा भाग वेगळा.

स्त्रीचे चरित्र का नाही, असेही एका भगिनीने विचारले. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच. पण मला हे माने कसे भेटले ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर गोंदियातल्या एका म्हाताऱ्या बाईला पॅरिसच्या चित्रकाराचे काय पडले आहे, असे कोणासही वाटेल.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डाव्या पायाला साधी जखम झाली. मधुमेह जुनाच होता. जखम काळी पडली, नागपूरला नेले, आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. घरी आणले ते पुढच्या खोलीतल्या खाटेवर. ह्यांची सारी नोकरी रेल्वेत गार्डाची झालेली. चाळीस वर्षे चालत्या गाडीबरोबर फिरलेला माणूस खिडकीबाहेरचे पेरूचे झाड बघत पडून राही. तुम्ही सर्वजणी त्या दिवसांत पाळीपाळीने येत होता, आणि कोणीही रिकाम्या हाताने येत नव्हता. परसातली शेवंती, तगर, जास्वंद, कुंपणावरची कण्हेर, जे असेल ते. माझ्याकडे फुलदाणी कुठली? एक उभा काचेचा पेला होता, त्यात मी ती ठेवीत असे. जन्मात कधी फुलाकडे वळून न पाहिलेले हे, एक दिवस म्हणू लागले की पेला अंमळ डावीकडे सरकव, तिथे उजेड येतो. मग रोज सकाळी पेला कुठे ठेवायचा, ह्यावर आमचा पाव तास जाऊ लागला.

मंडळाचा चित्रकलेचा वर्ग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. शाळेत असताना मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती. त्या वेळी गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता, आपला जिल्हा झाला तो १९९९ साली. परीक्षेच्या वस्तुचित्रात तांब्या आणि दोन वांगी आली होती, एवढे आठवते. त्या भरवशावर मी ह्यांच्या उशाशी बसून तो पेला काढावयास घेतला. फुले बरी येत. पेला मात्र काही केल्या काचेचा होईना. करडा रंग लावला की तो पत्र्याचा दिसे, निळा लावला की प्लास्टिकचा. रडकुंडीला येऊन मी ते कागद वर्गात नेले. आपल्या चित्रकलेच्या बाईंनी ते पाहिले, पुस्तकातले एक चित्र माझ्यापुढे उघडून ठेवले आणि म्हणाल्या, की हे ज्याने काढले त्या माणसाचाही डावाच पाय पुढे कापावा लागला. चित्रात काचेचे एक भांडे, त्यात पाणी, आणि फुले. दुसरे काहीही नव्हते. ते पुस्तक मी घरी नेले ते अजून परत केलेले नाही, हे बाई हा लेख वाचतील तेव्हा त्यांना आठवेलच.

माने यांचा जन्म २३ जानेवारी १८३२ चा. घर सधन. वडील न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. मुलाने वकील व्हावे अशी त्यांची इच्छा, आणि मुलाला चित्रांचा नाद. मामांनी भाच्याचे कौतुक केले, त्याला लूव्रच्या संग्रहालयात नेले. मामा लोक सगळीकडे सारखेच. शेवटी तडजोड म्हणून नौदल ठरले. परीक्षेत नापास झाला, तेव्हा सोळाव्या वर्षी त्याला उमेदवार म्हणून जहाजावर चढवून ब्राझीलला पाठविले. ह्या प्रवासातली एक आठवण सांगितली जाते. जहाजात पनीरचे लाल पाठीचे मोठे गोळे होते. खाऱ्या पाण्याने त्यांचा रंग उडाला होता. कप्तानाने ह्या चित्रे काढणाऱ्या पोराला कुंचला देऊन ते पुन्हा रंगवावयास सांगितले, आणि त्याने ते हुबेहूब रंगविले. परत आल्यावर नौदलाची परीक्षा पुन्हा हुकली. मग वडिलांनी हात टेकले. १८५० पासून सहा वर्षे तो तोमा कुत्यूर ह्या नावाजलेल्या चित्रकाराकडे शिकला, आणि गुरूशी भांडत भांडत शिकला.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचे नशीब एका सरकारी प्रदर्शनावर अवलंबून असे. त्याला सालों म्हणत. तेथे परीक्षकांनी चित्र घेतले तर गिऱ्हाईक मिळे, न घेतले तर घरच्या भिंती. १८६३ साली परीक्षकांनी इतकी चित्रे नाकारली, की ओरड झाली आणि बादशहा तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांसाठी वेगळे दालन उघडले. त्यात माने यांचे वनभोजनाचे चित्र होते. लोक ते बघावयास आले ते हसण्यासाठी. चित्रात कपडे घातलेल्या दोन पुरुषांजवळ एक विवस्त्र स्त्री बसली आहे, आणि ती कोणी देवी किंवा अप्सरा नसून आजची बाई आहे, हाच लोकांचा राग. दोन वर्षांनी ओलिंपिया नावाच्या चित्रावर तर असा गदारोळ झाला, की चित्राला कोणी काठी मारू नये म्हणून पहारा ठेवावा लागला, आणि शेवटी ते दाराच्या वर, नजर नीट पोहोचणार नाही इतक्या उंचावर टांगले. त्या चित्राचे वर्णन ह्या पानावर करण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. पण ज्या कोणाला ते पुस्तकात बघावयास मिळेल तिने दासीच्या हातातला फुलांचा गुच्छ अवश्य पाहावा. कागदात गुंडाळलेला, नुकताच कोणीतरी पाठविलेला. जवळून पाहिले तर रंगाचे नुसते ठिपके आणि फटकारे, दोन हात मागे सरले की फुले. वनभोजनाच्या चित्रातही एका कोपऱ्यात कलंडलेली टोपली, फळे आणि पाव आहे. भांडणाच्या गर्दीत तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ह्याला कारण होते. फ्रान्सच्या कलाशाळांनी चित्रांची उतरंड लावून ठेवली होती. सर्वांत वर देवादिकांचे व इतिहासाचे प्रसंग, मग माणसांच्या तसबिरी, मग रोजच्या जीवनातले प्रसंग व निसर्गदृश्ये, आणि तळाशी फळे, भांडी, फुले. ह्या शेवटच्या प्रकाराला फ्रेंच भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो मृत निसर्ग. आपण त्याला स्थिरचित्र म्हणतो. आपला शब्द मला अधिक आवडतो, फुले काही मेलेली नसतात. माने यांना मात्र ह्या तळाच्या प्रकाराचा कधीच कमीपणा वाटला नाही. चित्रकाराची खरी परीक्षा येथेच होते असे त्यांचे मत होते, आणि त्यांच्या एकंदर चित्रांपैकी पाचव्या हिश्शाच्या आसपास चित्रे ह्याच जातीची आहेत. १८६४ च्या सुमारास त्यांनी पिओनी नावाच्या गुलाबासारख्या टपोऱ्या फुलांची बरीच चित्रे केली. त्यात फुलदाणीखाली गळलेल्या पाकळ्याही आहेत.

आता स्त्रियांची गोष्ट. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत स्त्रियांना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. मानवी देहाचा अभ्यास करावयाचा तर समोर माणूस बसवावा लागतो, आणि कुलीन मुलीने तसे करणे निंद्य. मग मुलींनी काय काढावे? फुले काढावीत. फुले म्हणजे बायकांचे चित्र, आणि बायकांचे म्हणजे हलके, असा हा सरळ हिशेब होता. आपल्या मंडळाच्या वर्गाला एका गृहस्थांनी पानफुलांचा वर्ग असे नाव ठेवले आहे, ते मला येथे आठवल्यावाचून राहिले नाही.

माने यांच्या भोवती तीन-चार कर्तबगार स्त्रिया होत्या. पत्नी सुझान मूळची हॉलंडची, उत्तम पियानो वाजवणारी. घरातल्या मुलांना संगीत शिकविण्यासाठी आली होती. वडिलांच्या मृत्यूनंतर, १८६३ साली, दोघांनी लग्न केले. व्हिक्तोरीन मरां ही त्यांच्या त्या दोन बदनाम चित्रांतली स्त्री. ती पुढे स्वतः चित्रे काढू लागली, आणि १८७६ साली तर असे झाले, की परीक्षकांनी माने यांची चित्रे परत पाठविली आणि तिचे घेतले. बर्त मोरिझो ही मोठी चित्रकर्ती, पुढे माने यांच्या धाकट्या भावाची बायको झाली. सन १८७४ मध्ये नव्या मताच्या चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला टाळून आपले वेगळे प्रदर्शन भरविले, तेव्हा ती त्यात होती. माने मात्र त्यांचे पुढारी म्हणवले जात असूनही त्यांच्यात कधी सामील झाले नाहीत. सरकारी दारावर धडका देत राहायचे आणि तेथूनच आत जायचे, असा त्यांचा हट्ट. १८७२ साली त्यांनी बर्तला एक लहानसे चित्र भेट दिले. त्यात जांभळ्या रंगाच्या व्हायोलेटची जुडी, एक मिटलेला पंखा आणि एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तिचे नाव. दिराने भावजयीला द्यावे तसे हे नाही, कारण तेव्हा नाते ठरावयाचे होते. ह्याहून अधिक त्या चित्रावर लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

चौथी एव्हा गोन्झालेस. माने यांची रीतसर शिष्या अशी ही एकच. तिला बसवून त्यांनी तिची मोठी तसबीर केली, ती १८७० च्या सालोंमध्ये लागली. चेहरा काही केल्या मनासारखा उतरेना, म्हणून तिला पुन्हा पुन्हा बसविले आणि पुन्हा पुन्हा पुसले. ह्या तसबिरीत एव्हा पांढऱ्या झग्यात चित्रफळ्यासमोर बसून चित्र काढते आहे. ती काय काढते आहे? फुले. आणि खाली जमिनीवर एक पांढरे फूल पडले आहे. इतका नेसून-सवरून कोणी रंगकाम करीत नाही, असे म्हणून मी ते चित्र प्रथम बाजूला सारले होते. बाईंनी मला तिच्या हातातला कुंचला दाखविला. तसबिरीतली बाई सहसा पंखा धरते, नाहीतर कुत्रे. हिला माने यांनी तिचे काम करताना दाखविले आहे.

१८७०-७१ च्या युद्धात जर्मन फौजांनी पॅरिसला वेढा घातला. माने यांनी घरच्या माणसांना दक्षिणेला धाडले आणि स्वतः शहररक्षक दलात राहिले. पत्रे बलूनमधून जात. शहरात मांजरे आणि उंदीर खाण्याची पाळी आली होती. पुढे ह्या माणसाने लिंबू, शतावरीची जुडी, पाव अशा खाण्याच्या वस्तू इतक्या मायेने का रंगविल्या, ह्याचे एक कारण मी मनाशी असे धरले आहे. शास्त्रार्थ नाही, माझा तर्क.

शतावरीची गोष्ट सांगतो म्हणताना ती पुरतीच सांगितली पाहिजे. आपल्या जंगलात मिळते तिच्याच कुळातली ही भाजी, तिचे कोवळे कोंब तिकडे फार आवडीने खातात. १८८० साली माने यांनी त्या कोंबांच्या जुडीचे चित्र केले. एका श्रीमंत रसिकाने ते आठशे फ्रँकला ठरविले आणि हजार पाठविले. माने यांनी वरचे दोनशे परत केले नाहीत. त्यांनी एकाच कोंबाचे आणखी एक चिमुकले चित्र काढले आणि जुडीतून हा एक गळला होता अशा अर्थाची चिठ्ठी जोडून पाठवून दिले. भाजीवालीकडे मापात धरून वर चार दाणे घालण्याची रीत आपल्याकडे आहे, ती पॅरिसमध्येही असावी.

ह्या वेळेपर्यंत त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. डाव्या पायात कळा येत, तोल जाई. तरुणपणी जडलेल्या ज्या रोगाचे नाव तेव्हा घरांत घेत नसत, त्याने मज्जारज्जूला धरले होते. आज त्यावर पेनिसिलिन आहे. त्या काळी वैद्यांजवळ थंडगार पाण्याचे फवारे आणि हवापालट ह्यापलीकडे फारसे काही नव्हते. १८८० चा उन्हाळा बेलव्ह्यूला, १८८१ चा व्हर्सायला, १८८२ चा र्‍युएलला, असे तीन उन्हाळे पॅरिसबाहेर गेले. बेलव्ह्यूहून ते मैत्रिणींना पत्रे लिहीत आणि कागदाच्या कडेला जलरंगात एखादे आलुबुखार, एखादे फूल काढून देत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पत्रात आजाराचेच पुराण असावयाचे. ह्यांच्या पत्रात फळे.

ज्या सरकारी मानासाठी जन्मभर धडपडले, तो ह्याच काळात मिळाला. १८८१ साली सालोंचे पदक आणि त्या वर्षाच्या अखेरीस लीजन ऑफ ऑनर. १८८२ मध्ये त्यांचे शेवटचे मोठे चित्र लागले, फोली-बेर्जेर ह्या नाटकगृहातल्या मद्याच्या काउंटरचे. उभे राहवत नव्हते, म्हणून काउंटरच आपल्या चित्रशाळेत मांडून, खरोखरच तेथे काम करणाऱ्या मुलीला त्याच्यामागे उभे करून ते रंगविले. मुलीचा चेहरा फार थकलेला आहे. काउंटरवर बाटल्या आहेत, काचेच्या भांड्यात संत्री आहेत, आणि तिच्या पुढ्यात एका लहान पेल्यात दोन गुलाब आहेत. नागपूरच्या संत्र्यांच्या मुलखातली मी, माझे डोळे आधी संत्र्यांवर गेले हे कबूल करते. पण ह्यांनी पेला बोटाने दाखविला. तो पेला आमच्या पेल्यासारखाच आहे, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्यानंतर मोठे चित्र होणे नव्हते. १८८२ च्या सप्टेंबरात त्यांनी मृत्युपत्र केले. चित्रशाळेत ते कोचावर पडून असत. स्नेही मंडळी भेटीला येत ती फुले घेऊन येत, आणि माने ती काचेच्या भांड्यात ठेववून, जमेल तितके बसून, एकेक लहानसा कॅनव्हास रंगवीत. अशी सोळा तरी चित्रे आहेत. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात असलेले एक तर जेमतेम ३३ सेंटिमीटर उंच आणि २५ रुंद आहे, म्हणजे आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वहीएवढे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे त्यात कार्नेशन आणि मोरवेलीच्या कुळातली मोठाली जांभळी फुले आहेत. बर्लिनमध्ये आहे त्यात नुसता पांढरा लायलॅक. हे झुडूप आपल्याकडे नाही. पण बकाण निंबाला फाल्गुन-चैत्रात जे सुवासिक झुबके येतात, ते डोळ्यांपुढे आणावेत आणि पांढरे समजावेत. भांडी दोन-चारच, तीच ती पुन्हा येतात. मागे भिंत, खाली टेबलाचा किंवा कापडाचा एक पट्टा. कुठे कीटक नाही, कवटी नाही, घड्याळ नाही. जुने डच चित्रकार फुलांच्या चित्रात अशा वस्तू ठेवून आयुष्य क्षणभंगुर असल्याचे सुचवीत. माने यांना तसे सुचविण्याची गरज वाटली नसावी.

आता पेल्याकडे येते, कारण तेथेच मी अडले होते. बाईंनी माझ्या हातून कुंचला काढून घेतला आणि दहा मिनिटे नुसते बघावयास लावले. मग माझ्या लक्षात आले, की मी आजवर पेला कधी पाहिलाच नव्हता, पेला असतो असे मला ठाऊक होते एवढेच. फुलाचे देठ पाण्याच्या वर एका रेषेत उतरते आणि पाण्यात शिरताना मोडल्यासारखे एका बाजूला सरकते. ते खाली जाडही दिसते, कारण गोल काच आणि पाणी मिळून भिंगाचे काम करतात. खिडकी पेल्याच्या खांद्यावर एका वाकड्या पांढऱ्या डागाएवढी होऊन बसते. काठ काही ठिकाणी काळा, काही ठिकाणी मुळीच नाही. पाण्याच्या वरच्या कडेला एक लंबगोल असतो, तो चुकला की पाणी सांडेल असे वाटते. काचेला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, ती मागचेच उसने घेते. माने यांच्या चित्रांत नेमके हेच आहे. देठांचे चार-पाच हिरवे फटकारे, मागच्या भिंतीचा करडा, आणि सर्वांत शेवटी, बोटाने दाबून ठेवावा तसा, दाट पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका पडला की काच होते. आपले काम त्याहून अवघड, कारण माने तैलरंगात काम करीत आणि आपण जलरंगात. जलरंगात पांढरे म्हणजे कोरा कागद. ते आधीच ठरवून सोडावे लागते, मागाहून आणता येत नाही. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर ह्या कामातले उस्ताद. हाती समई घेतलेल्या मुलीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि त्याची छापील प्रत आपल्यापैकी कित्येकींच्या बैठकीत लागलेली आहे. त्यांनी आपल्या मुलीलाच त्यासाठी उभे केले होते. बोटांमधून पाझरणारा तो उजेड जलरंगातला आहे, हे मला वर्गात येईपर्यंत माहीत नव्हते.

१८८३ च्या सुरुवातीलाही माने यांचे फुले रंगविणे चालूच होते. मार्चनंतर हात थांबला. डावा पाय काळा पडला, आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो घरीच कापावा लागला. ताप उतरला नाही. ३० एप्रिलला, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्याच दिवशी त्या वर्षीचे सालों उघडावयाचे होते.

त्यांची शिष्या एव्हा तेव्हा बाळंतीण होती. गुरूच्या पाठोपाठ, आठवडा पुरा होण्याच्या आत, बाळंतपणाच्या विकाराने तीही गेली. वय चौतीस. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून ठेवले आणि दोन दिवस उघडले नाही.

पुढचे थोडक्यात. ज्या सरकारी कलाशाळेच्या वळणाची माणसे त्यांची चित्रे नाकारीत आली, त्याच शाळेत १८८४ च्या जानेवारीत त्यांच्या चित्रांचे स्मारक-प्रदर्शन झाले. फेब्रुवारीत उरलेल्या चित्रांचा लिलाव झाला, सुझानच्या उदरनिर्वाहासाठी. ओलिंपिया परदेशी जाणार अशी बातमी आली तेव्हा मोने यांनी, नावाच्या घोटाळ्यातल्या त्याच मोने यांनी, घरोघर वर्गणी मागून सुमारे वीस हजार फ्रँक जमविले, चित्र विधवेकडून विकत घेतले आणि १८९० मध्ये राष्ट्राला दिले. बर्त १८९५ साली वारली. पासीच्या दफनभूमीत माने, सुझान, धाकटे भाऊ आणि बर्त अशी चौघे एकाच ठिकाणी आहेत.

पुस्तकातले हे सारे मी रोज दुपारी ह्यांना वाचून दाखवीत असे. पाय कापल्याच्या पानाशी आले तेव्हा मी ते गाळून पुढे जाऊ लागले. त्यांनी मला थांबवून ते पान वाचावयास लावले, आणि मग विचारले, की पाय कापल्यावर त्याने काही काढले का? मी म्हटले, नाही, दहाच दिवस मिळाले. ते बराच वेळ गप्प होते. आम्हाला आठ महिने मिळाले होते.

त्या हिवाळ्यात मी पेल्याची एकोणीस चित्रे काढली. शेवंतीची सात, झेंडूची चार, एक तळ्यातल्या कमळाचे, तेही नीट आले नाही, कारण कमळ पेल्यात राहात नाही, कलते. फाल्गुनात दूधवाल्याने पळसाची डहाळी आणून दिली. पळसाचा रंग पेल्याच्या काचेत खालपर्यंत उतरला होता आणि पाणी नारिंगी दिसत होते. ह्यांनी पेला खिडकीत अगदी कडेला ठेवविला. मी फुले पुरी केली, काठ पुरा केला, खिडकीचा पांढरा डाग सोडून ठेवला. पाण्याखालचे देठ दुसऱ्या दिवशी काढणार होते. त्या रात्री ह्यांना पुन्हा नागपूरला न्यावे लागले, आणि मी एकटी परत आले.

वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात मंडळाच्या सभागृहात डाव्या भिंतीवर ते विसावे चित्र लागेल. पाण्याच्या जागी कागद कोरा आहे. बाईंनी विचारले होते की पुरे करून देता का. मी तसेच लावा म्हटले. तो पेला मात्र मी आता चित्रकलेच्या वर्गाला देऊन टाकला आहे, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. धुताना सांभाळावा, तळाला एक बारीक तडा आहे.